थप्पीच्या मागे

आबांबरोबर वजनकाट्यावर जायची मला शाळेत असताना लाज वाटायची.

चोपड्याकडे आमची केळी. तापीकाठची काळी जमीन, एका तुकड्यात मृगात लावलेली मृगबाग, दुसऱ्यात पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग. घड कापून ट्रकमध्ये रचले की गाडी सडकेवरच्या काट्यावर जायची. माल भरण्याआधी रिकामी गाडी तोललेली असायची, आता भरलेली तोलायची. मधली वजाबाकी म्हणजे आपली केळी. तिसरीतल्या पोरालाही जमेल असं गणित. पण आबा त्यात एक गोष्ट जास्तीची लक्षात ठेवायचे. रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हर केबिनमध्ये बसला होता की खाली उतरला होता? भरलेली गाडी काट्यावर उभी राहिली आणि ड्रायव्हर विडी पेटवत खाली उतरला, की आबांची हाक यायचीच, "पयले बसेल व्हता ना भो? मंग आते बी बस."

माणूस रिकाम्या गाडीत तोलला गेला आणि भरलेल्या गाडीत नाही, तर त्याच्या वजनाइतकी केळी शेतकऱ्याची बुडते. सोबत क्लीनर असला तर दुप्पट.

लाज वाटायची ती व्यापाऱ्यापुढे. हा माणूस वीस वर्षं आमचा माल उचलत होता. पैसे आठ-पंधरा दिवसांनी, नुसत्या चिठ्ठीवर, आणि कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नव्हता. बहिणीच्या लग्नात तो पंगतीत वाढायला उभा होता. अशा माणसासमोर ड्रायव्हरला परत गाडीत चढायला लावायचं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणण्यासारखंच, असं मला वाटे. एकदा मी आबांना तसं म्हणालो, आणि ते नेमकं व्यापाऱ्यानं ऐकलं. तो हसला. म्हणाला, "अरे, तुझा बाप विचारतो म्हणून माझा ड्रायव्हर सरळ राहतो. जिथे कुणी विचारत नाही तिथे तो काय करतो, हे मला तरी कुठे दिसतं?"

हे बोलणं मला खरं कळलं ते पुढे तीस वर्षांनी, आमची पतसंस्था बुडाल्यावर.

संस्थेचं नाव सांगत नाही. तालुक्याच्या गावची, बऱ्यापैकी ठेवी असलेली, दिवाळीला सभासदांना स्टीलचा डबा वाटणारी, अशी खान्देशात गावोगाव होती तशीच एक. मी तिथे शाखा व्यवस्थापक. संचालक मंडळात कापडवाले, खतवाले, दोन शिक्षक, एक डॉक्टर. वाईट माणसं नव्हती. हे मुद्दाम लिहितोय, कारण पतसंस्था बुडाली म्हटलं की लोकांना लगेच एखादा खलनायक हवा असतो. आमच्या गोष्टीत एक होताही, पण त्याच्यापेक्षा मला आमच्यासारख्या सज्जनांचंच कोडं जास्त छळतं.

तो एक म्हणजे जिनिंगचा, कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, मालक. आपण त्याला शेठ म्हणू. माणूस गोड. थंडीत त्याच्या शेतावर दरवर्षी भरीत पार्टी व्हायची. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. आमची सगळी समिती तिथे. कर्जाचा विषय सभेपुढे यायचा तो नंतर आठ-दहा दिवसांनी. खरं तर तो बडगीपाशीच मंजूर झालेला असे. सभेत फक्त सूचक कोण आणि अनुमोदक कोण एवढंच ठरायचं.

कर्ज मालतारणाचं होतं. जिनमध्ये रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी रचलेल्या, त्या गाठींवर उचल. तपासणी माझ्याकडे. एक गाठ साधारण १७० किलोची, चौकोनी, त्यामुळे मोजणी सोपी: समोर किती, उंचीला किती, आत किती ओळी. गुणाकार केला की झालं.

पहिल्या वर्षी मी थप्पीच्या मागे गेलो होतो. पँटला कापूस चिकटला, अंगभर खाज सुटली, पण भिंतीपर्यंत जाऊन ओळी मोजल्या. एक गाठ कमी-जास्त नाही. दुसऱ्या वर्षी बाजूच्या बोळातून बॅटरी मारून पाहिलं. तिसऱ्या वर्षी शेठनं चहा मागवला आणि मी बोळाच्या तोंडाशीच उभा राहिलो. तिन्ही वर्षं कर्ज व्याजासकट वेळेत फिटलं, आणि वार्षिक सभेत माझ्या 'माणसं ओळखण्याच्या नजरे'चं कौतुक झालं. हार घातला होता. फोटो अजून घरात कुठेतरी असेल.

चौथं वर्ष २०१०-११ च्या हंगामाचं. कापूस कधी नव्हे इतका चढलेला. समोर १४ गाठी, उंचीला ६. मी खुर्चीवरून विचारलं, "आत किती ओळी?" शेठ म्हणाले, "दहा." मी कागदावर ८४० लिहिलं आणि सही केली.

२०११ च्या उन्हाळ्यापासून भाव कोसळले. पुढे प्रशासक आले आणि थप्पी उघडली गेली. तिसऱ्या ओळीच्या मागे ताडपत्री होती, आणि ताडपत्रीच्या मागे काहीच नव्हतं. २५२ गाठी.

आता ज्या गोष्टी सांगतो त्या मला तेव्हा माहीत नव्हत्या. मुलगी जळगावला एम.बी.ए. करत होती, तिच्या वह्या-पुस्तकांतून कळत गेल्या. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि अपराधी माणसाला तर फारच असतो.

अमेरिकेचं चॅलेंजर यान २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात माणसं गेली. कारण रबराची एक कडी, जी थंडीत ताठरली. हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. मला ठाऊक नव्हतं ते असं की त्या कड्या आधीच्या काही उड्डाणांतही जळून-झिजून आलेल्या होत्या. म्हणजे धोका दिसत होता. पण दर वेळी यान सुखरूप परतलं, आणि दर वेळी 'एवढं झिजलं तर चालतं' ही रेघ थोडी पुढे सरकली. डायेन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या प्रकाराचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, कुणी नियम धाब्यावर बसवले असं घडलंच नाही. चुकीची गोष्टच हळूहळू नियम झाली. ते वाचताना मला बोळाचं तोंड दिसत होतं, आणि चहाचा कप.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट. उड्डाणाच्या आदल्या रात्री या कड्या बसवलेली रॉकेटं बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर 'एवढ्या थंडीत नको' म्हणत होते. एरवी 'सुरक्षित आहे हे सिद्ध करा' असं विचारलं जाई. त्या रात्री प्रश्न उलटा झाला: धोका आहे हे तुम्ही सिद्ध करा. आमच्या सभेत हे दर महिन्याला व्हायचं. शंका काढणाऱ्यानं पुरावा आणायचा. विश्वास ठेवणाऱ्याला कुणी पुरावा मागत नसे.

माझ्या 'नजरे'बद्दल मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्याच जिनच्या ग्रेडरनं. अडाणी म्हणावा असा माणूस, वय साठीच्या पुढे. बैलगाडीतला कापूस मुठीत धरायचा, दाबायचा, सोडायचा. कापूस उसळून फुलला तर कोरडा, गोळा होऊन बसला तर ओला. मग दोन चिमटींत तार ओढून धाग्याची लांबी बघायचा. तोंडानं म्हणायचा, "ओलावा नऊ." शेजारचं पोरगं मीटर खुपसायचं, मीटरही नऊच्या आसपास. सरकारी खरेदीत ८ टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भावात कपात आणि १२ च्या वर माल परत, त्यामुळे त्याच्या मुठीला किंमत होती. मला वाटायचं, मीही तसाच. तो कापूस ओळखतो, मी माणूस ओळखतो.

डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघं मानसशास्त्रज्ञ या बाबतीत एकमेकांच्या विरुद्ध टोकाला. क्लाइन अनुभवी माणसांच्या अंतःप्रेरणेवर विश्वास ठेवणारा. आगीच्या बंबाचे प्रमुख क्षणात योग्य निर्णय कसे घेतात ते त्यानं अभ्यासलं होतं. काहनेमनला २००२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच मुळी माणसाची अटकळ कशी ठरावीक पद्धतीनं चुकते या कामासाठी. या दोघांनी भांडत बसण्याऐवजी २००९ मध्ये एकत्र लेख लिहिला. आपल्याकडे अशा दोन विद्वानांनी एकमेकांच्या नातवंडांच्या लग्नालाही जाणं सोडलं असतं, ते असो. त्यांचं एकमत झालं ते इतकंच की मुरलेल्या नजरेवर भरवसा ठेवायला दोन गोष्टी लागतात. ज्या दुनियेत काम करायचं तिच्यात काही नेम असला पाहिजे. आणि आपली अटकळ बरोबर की चूक, हे लवकर आणि पुन्हापुन्हा कळलं पाहिजे. आपल्याला किती खात्री वाटते, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ग्रेडरला दोन्ही होतं. एका हंगामात हजारो मुठी, आणि प्रत्येक मुठीला मिनिटाभरात मीटरचं उत्तर. मला काय होतं? वर्षाला मोठी कर्जं पंधरा-वीस. त्यांचं उत्तर मिळणार तीन-चार वर्षांनी, तेही पाऊस, भाव, आजारपण आणि निवडणूक यांत कालवलेलं. ज्यांना मी नाही म्हटलं ते फेडणारे निघाले असते की बुडवे, हे तर कधीच कळणार नव्हतं. म्हणजे माझी नजर घडायला काही साधनच नव्हतं. तीन वर्षं नशीब चांगलं निघालं, त्याला मी नजर म्हणत होतो. चौथ्या वर्षी कापूस चढाच राहिला असता तर शेठनं पैसे भरले असते, ताडपत्रीमागची पोकळी कधी कुणाला दिसली नसती आणि मला दुसरा हार मिळाला असता. सही तीच, आळसही तोच.

अमळनेरला कॉलेजात असताना मी जिथे राहायचो तिथे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं ऐकायचो. विप्रो कंपनी जन्मली अमळनेरात, डिसेंबर १९४५ मध्ये, वनस्पती तूप बनवायला. गावातल्या बऱ्याच घरांनी तिचे शेअर घेतलेले. १९६६ मध्ये मालक वारले आणि परदेशात शिकणारा २१ वर्षांचा मुलगा, अझीम प्रेमजी, कारभार बघायला आला. तेव्हा सभेत एका भागधारकानं त्यांना तोंडावर सांगितल्याचं प्रसिद्ध आहे, की तुमच्यानं हे झेपणार नाही, विकून टाका. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी शेअर जपले त्यांची घरं आजही अमळनेरात दाखवतात, आणि प्रत्येक घरात एक आजोबा असतात ज्यांनी 'त्या पोराच्या डोळ्यांत पाहूनच ओळखलं होतं'. आईच्या मामांनी मुलीच्या लग्नासाठी विकले. त्यांना आयुष्यभर कपाळकरंटा म्हटलं गेलं. मला विचाराल तर सभेत उठून बोललेला तो भागधारक मूर्ख नव्हता. पोराला अनुभव नाही, ही त्या दिवशी रास्त शंका होती. आणि मामांपुढे मांडव उभा होता. बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये प्रयोगानं दाखवलं की निकाल कळला की माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं. अमळनेरच्या ओट्यांवर हे कुणी सांगायला गेलं असतं तर चहाही मिळाला नसता.

आमची संस्था बुडाल्यावर गावात असे ओळखलेले पुष्कळ निघाले. "मला शेठचं लक्षण आधीच ठीक वाटत नव्हतं." भरीत खाताना यातलं कुणी बोललं नव्हतं.

पण एकाला खरंच आधी कळलं होतं. आमचा पिग्मी एजंट. सायकलवर दुकानोदुकानी फिरून रोजचे वीस-पन्नास रुपये गोळा करणारा. जिनसमोरच्या चहावाल्यानं त्याला सांगितलं होतं की हमालांचे तीन आठवड्यांचे पैसे थकलेत आणि रात्री गाठी भरून गाड्या बाहेर जातात. त्यानं मला काउंटरवर, पैसे मोजता मोजता सांगितलं. मी म्हणालो, "बघू." त्याला सभेत बोलावता आलं असतं. पण कमिशनवरचा माणूस संचालकांपुढे उभा राहून शेठबद्दल बोलणार? तो विचारच माझ्या डोक्यात शिरला नाही.

एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी अमेरिकेतल्या रुग्णालयांमध्ये औषधांच्या चुका मोजल्या. अंदाज असा की चांगल्या टीमच्या चुका कमी असतील. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नोंदींत चुका जास्त. मग खोलात गेल्यावर उलगडलं की त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या, सांगत जास्त होत्या. बाकीच्या ठिकाणी नर्स घाबरून गप्प. आमच्या शाखेच्या नोंदवहीत अकरा वर्षांत एकही हरकत नाही. लेखापरीक्षणात आम्हाला 'अ' वर्ग होता.

सभेचं काय सांगू. २०११ च्या पावसाळ्यात शेठनं वाढीव कर्ज मागितलं. जुनं थकलेलं असताना. 'भाव चढेपर्यंत माल धरून ठेवायला.' मला पोटात ढवळत होतं, पण अध्यक्ष म्हणाले, "एवढी वर्षं आपण त्यांच्याबरोबर आहोत, आता हात सोडायचा का?" डॉक्टर गप्प, दोन्ही शिक्षक गप्प. मी सगळ्यांकडे पाहिलं, सगळे माझ्याकडे पाहत होते. सर्वानुमते मंजूर. बॅरी स्टॉ या अमेरिकन संशोधकाच्या १९७६ च्या प्रयोगात नेमकं हेच: पहिला पैसा ज्यांनी स्वतः ठरवून लावला, आणि जो बुडू लागला, त्यांनीच त्यात पुढचा पैसा सगळ्यात जास्त ओतला. हात सोडायचा नव्हता, कारण तो हात आमचाच होता.

पुढे सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली आमच्यावर जबाबदारी निश्चित करण्याची चौकशी बसली, तेव्हा बाहेरच्या बाकावर डॉक्टर माझ्या शेजारी होते. म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बोलाल म्हणून मी थांबलो होतो. तपासणी तुमची होती ना." मी म्हणालो, "मी तुमच्यासाठी थांबलो होतो." आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५० च्या दशकातल्या, सारख्या लांबीची रेघ ओळखायच्या प्रयोगात, सगळे चुकीची रेघ दाखवत असताना एकजण जरी खरं बोलला तरी माणसाचं त्यांच्यामागे वाहून जाणं एकदम घटतं. एकच लागतो. तो प्रत्येकाला शेजारचा हवा असतो.

शेवया-पापड विकणाऱ्या एक मावशी होत्या. रोजचे पन्नास रुपये, वर्षानुवर्षं. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आज तो ५ लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. व्यवहार बंद झाल्यावर त्या पासबुक घेऊन माझ्या घरी आल्या. रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. ओट्यावर बसून विचारलं, "साहेब, कर्ज देण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन पाहिलं होतं ना?"

"पाहिलं होतं," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. समोरून पाहिलं होतं.

"मग ठीक," असं म्हणून त्या उठल्या. पाणीही घेतलं नाही.

मुलीच्या वहीत एक खेळ होता, १९९५ चा. दोन अनोळखी माणसं वेगवेगळ्या खोल्यांत. पहिल्याला १० डॉलर. त्यातले तो हवे तितके दुसऱ्याला पाठवतो, वाटेत ते तिप्पट होतात, मग दुसऱ्यानं हवं तर काही परत पाठवायचे. स्वार्थाच्या गणितानं कुणी काही पाठवायलाच नको. तरी सरासरी ५ डॉलरच्या थोडे वर पाठवले गेले, आणि परत आले सरासरी ५ च्या थोडे खाली. एकूणात भरवसा टाकणाऱ्याला किंचित घाटाच. तरी माणसं टाकतात. मुलगी म्हणाली, "पप्पा, यात एकमेकांना काही विचारायची सोय नाही ना, म्हणून." मला मात्र ओटा आठवला. मावशींनी विचारलं होतं.

गेल्या महिन्यात पुतण्याबरोबर काट्यावर गेलो होतो. आबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. जुन्या व्यापाऱ्याचा मुलगा माल उचलतो, चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर येतो, वजन लाल दिव्यांच्या पाटीवर दिसतं. भरलेली गाडी चढली. ड्रायव्हर कानाला फोन लावून खाली उतरला.

मी पुतण्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "राहू द्या ना काका. जुनी माणसं आहेत. बरं दिसत नाही."

मी दोन पावलं पुढे गेलो. आवाज आबांसारखा निघाला नाही, जरा चिरकलाच. "पयले बसेल व्हता ना भो?"

ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं, फोनवर "थांब रे" म्हणाला आणि पायरीवर पाय देऊन वर चढला. दार लागलं. पाटीवरचा आकडा हलला, थोडा वर-खाली झाला, आणि थांबला.